वळणावरच्या काट्या

बेलवाडीची मुक्कामी गाडी आमच्या घराच्या भिंतीपासून दहा पावलांवर उभी राहायची. वाशिमहून निघालेली ती लाल बस रिठदच्या पुढे फाट्यावर डांबरी सडक सोडायची, दीड कोस कच्च्या रस्त्यानं धूळ उडवत गावात यायची आणि दिवेलागणीला आमच्या वावराच्या कोपऱ्यात गोल फिरून, तोंड पुन्हा वाशिमकडे करून थांबायची. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपायचे आणि सकाळी सहाला तीच गाडी घेऊन परत जायचे. तिच्या इंजिनाची धग आमच्या कुडाच्या भिंतीला लागायची. हिवाळ्यात तर कोंबड्या गाडी आल्या आल्या तिच्या खाली जाऊन बसायच्या आणि सकाळी कंडक्टरला आधी कोंबड्या हाकलाव्या लागायच्या, मग माणसं चढवता यायची.

तो कोपरा बाबांनी दिलेला. गाडी गावात यावी म्हणून गावानं अर्ज केला तेव्हा दोन साहेब पाहणीला आले होते. रस्ता चालेल म्हणाले, पण एवढी मोठी गाडी वळणार कुठे? दोन्ही बाजूंना लोकांची वावरं, काळी माती, आणि कोणाला आपला हातभर तुकडाही सोडवत नव्हता. बाबा म्हणाले, "माह्या वावरात वळवा." त्या कोपऱ्यात तेव्हा तूर फुलावर होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती स्वतः कापली आणि बैलांपुढे टाकली. कागद झाला नाही, सही झाली नाही. गावात त्या जागेला 'किसनभाऊचं वळण' म्हणायला लागले. बाबांना ते ऐकायला फार आवडायचं, हे त्यांनी कधी कबूल केलं नाही तरी मला ठाऊक होतं. वळणावर कोणी शेण टाकलेलं दिसलं की ते स्वतः उचलायचे.

ड्रायव्हर यासीनचाचा वाशिमचे, आणि कंडक्टर वानखडेकाका मालेगावकडचे. डेपोत ड्यूट्या बदलत असत, पण आमच्या मुक्कामाला बहुतेक हेच दोघे यायचे, कारण बाकीच्यांना खेड्यात झोपायला नको असायचं. यासीनचाचा जाडजूड, कमी बोलणारे. बोलले की अर्धं हिंदी. वानखडेकाका काटकुळे, कानावर पेन्सिल, आणि बोलणं थांबत नसे. दोघांचं रात्रीचं जेवण आमच्याकडे. कोणी ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी मायनं विचारलं, "भाकर खासान ना भाऊ?" आणि तेव्हापासून आमच्या घरात चार भाकरी जास्त थापल्या जाऊ लागल्या. ज्वारीची भाकर, तुरीचं घट्ट वरण, वर लसणाची फोडणी, अंबाडीची भाजी असली तर यासीनचाचा तिसरी भाकर मागायचे. ज्या दिवशी भाजीला काही नसेल त्या दिवशी बेसन आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. वानखडेकाकांना ठेचा सोसायचा नाही, डोळ्यांतून पाणी यायचं, तरी मागून घ्यायचे. रोज्यांच्या महिन्यात माय पहाटे उठून यासीनचाचांसाठी दूध-भाकरी करून द्यायची आणि वर म्हणायची, "पानी जास्त पिऊन घ्या, दिवसभर ऊन लागते तुमाले काचेतून."

सकाळचा आवाज मला अजून येतो. आधी आमच्या विहिरीवरून बादल्या; चाचा गाडीत पाणी घालायचे. मग इंजिन दोनदा खोकायचं, तिसऱ्यांदा धरायचं, आणि आमच्या फडताळातली पितळी भांडी थरथरायला लागायची. मायचा चहा तोवर उकळलेला असायचा. डिझेलचा आणि चहाचा मिळून जो वास व्हायचा तो पुढे मला कुठेच भेटला नाही. आता मी वाशिमला राहते, शाळेतली नोकरी संपून बरीच वर्षं झाली. स्टँडवर गेले की काम नसलं तरी पाच मिनिटं उभी राहते. नव्या गाड्या गुळगुळीत आहेत, दार आपोआप लागतं, बायांना अर्धं तिकीट आहे. चांगलंच आहे सगळं. पण नाक आपलं जुनाच वास शोधत राहतं.

माझा मोठा भाऊ अकोल्याला शिकायला होता आणि मी रिठदच्या हायस्कूलमध्ये दहावीला. घरात आम्ही तिघंच. बाबा वाईट माणूस नव्हते, हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून तसं वाटेल. शांत होते, कष्टाळू होते, माझ्यावर त्यांनी कधी हात उगारला नाही. पण एकदा एखादी गोष्ट मनात धरली की ती सोडणं त्यांना जमत नसे. मी चार वर्षांची असताना मामानं, म्हणजे मायच्या भावानं, बाबांना एक बैल घेऊन दिला होता. महिन्याभरात तो बैल मागच्या पायानं अधू निघाला. बाबा कामरगावला विचारायला गेले. तिथं भरबाजारात दोघांची बाचाबाची झाली आणि मामा चार लोकांदेखत म्हणाला, "बैल चांगला होता, यांनीच मारून मारून लंगडा केला." ज्या माणसानं जनावरावर कधी काठी टाकली नव्हती त्याला हे बोललं गेलं. बाबा घरी आले आणि म्हणाले, त्या घराशी आपला संबंध संपला. आपला म्हणजे मायचाही. अकरा वर्षं माय माहेरी गेली नाही. राखीला ती एक दोरा देवळातल्या खांबाला बांधून यायची. मी विचारलं तर म्हणायची, "देवाले बांधला."

कामरगाव आमच्यापासून तीन गाड्यांवर. बेलवाडीहून वाशिम, वाशिमहून कारंजा, कारंज्याहून कामरगाव. पण गाड्यांचं एक असतं, त्या माणसांबरोबर बातम्याही नेतात. कारंज्याच्या कंडक्टरनं वाशिमच्या स्टँडवर वानखडेकाकांना गाठलं आणि सांगितलं की बेलवाडीच्या किसनभाऊंच्या सासऱ्यांचं काही खरं नाही, अन्न सुटलंय, लेकीचं नाव घेतात. कार्तिकातले दिवस होते. त्या संध्याकाळी वानखडेकाका जेवायला बसले, पण घास घेईनात. मग त्यांनी सांगून टाकलं. माय भाकर थापत होती. तिचा हात थांबला, पुन्हा चालू झाला. ती एवढंच म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीनं जातो मी."

बाबा म्हणाले, "जायचं नाही."

यासीनचाचांनी ताटात पाणी घेतलं, हात धुतले आणि उठले. तव्यावरची भाकर जळाली, त्या घरात पहिल्यांदाच.

सकाळी मायनं रोजच्यासारखा चहा केला, दोघांना दिला, बाबांना दिला. माझी वेणी घातली. मग कोनाड्यातली कापडी पिशवी घेतली, डोक्यावर पदर सारखा केला आणि माझ्यामागोमाग गाडीत चढून तिसऱ्या बाकावर बसली. गाडीत गावातली दहा-बारा माणसं होती, दुधाच्या कॅना होत्या, हायस्कूलच्या आम्ही चार मुली होतो. बाबा दाराशी आले. पायरीवर चढले नाहीत, खालीच उभे राहिले.

"कुठी चालली?"

"कामरगावले. काल सांगतलं ना."

"आन् मी काय म्हनलो थे?"

"थे बी ऐकलं," माय म्हणाली. आवाज चढवला नाही, खालीही पाहिलं नाही.

बाबा कंडक्टरकडे वळले. "वानखडे, तिकीट देऊ नका. उतरवा तिले."

वानखडेकाकांच्या हातात तिकिटांचा ट्रे होता. ते गप्प झालेले मी तेवढे एकदाच पाहिले. समोर उभा होता तो माणूस त्यांना रोज जेवू घालत होता, गाडी उभी होती ती त्याच्या जमिनीवर. काकांनी बाबांकडे पाहिलं, मग मायकडे. "वैनी, कुठचं तिकीट देऊ?"

"वाशिमचं द्या भाऊ."

त्यांनी तिकीट फाडलं, पंचानं टोचलं आणि तिच्या हातात दिलं. मग दाराशी येऊन वाकून म्हणाले, "किसनभाऊ, तुमच्या घरात तुमी म्हनसान तसं. तुमी बस म्हनलं तं मी बसतो, ऊठ म्हनलं तं उठतो. पन या पायरीवरून वर आलं का थो माह्या गाडीतला पाशिंजर. त्याले मी कसा उतरवू? तुमीच सांगा."

बाबा पुढे ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले. यासीनचाचा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसले होते. "चाचा, गाडी सोडू नका."

चाचांनी मान वळवली नाही. "भाऊ, टैम हो गया," म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका ओढलेला होता की मला त्यांचीच कीव आली. गाडी हलली.

रिठदपर्यंत मी मायच्या शेजारी बसले. मला वाटलं ती रडेल, पण ती खिडकीबाहेरची तूर पाहत होती, कोणाच्या वावरात किती आली आहे ते पाहावं तशी. मी उतरायला उठले तेव्हा तिनं माझ्या वेणीची रिबीन सरळ केली. "तुह्या बाबाले दूध गरम करून देजो," ती म्हणाली. "थंड पेत नाही थे."

संध्याकाळी मी त्याच गाडीनं परत आले. आमचं घर दिसायला लागलं आणि चाचांनी करकचून ब्रेक मारला. वळणावर बाभळीच्या काट्या टाकलेल्या होत्या. एक-दोन फांद्या नाहीत, सबंध कोपरा भरून, कुंपणाला रचतात तशा छातीएवढ्या. बाबा ओट्यावर बसले होते. वानखडेकाका खाली उतरले, काट्यांपाशी गेले, उभे राहिले आणि परत आले. माणसं उतरली. मग यासीनचाचांनी गाडी मागं घ्यायला सुरुवात केली, कारण वळायला दुसरी जागाच नव्हती. अरुंद रस्ता, दोन्हीकडे नाली. वानखडेकाका गाडीच्या मागं उलटे चालत होते, पत्र्यावर थाप मारत होते, "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं, बस." अंधारत चाललेल्या रस्त्यावरून ती लाल गाडी तोंड आमच्याकडे ठेवून लांब लांब जात राहिली. आमच्या शेजारी राहणाऱ्या रामभाऊच्या वावराशी रस्ता जरा रुंद होता, तिथवर ती अशीच गेली. त्या थापांचा आवाज मी शेवटपर्यंत ऐकला.

दुसऱ्या दिवसापासून गाडी फाट्यावरूनच वळू लागली आणि मुक्कामाला रिठदला जाऊ लागली. गावाला दीड कोस चालणं आलं. दुधाच्या कॅना सायकलींवर, दुखणेकरी बैलगाडीत. लोक बाबांकडे आले, आधी समजावायला, मग तावातावानं. बाबांचं उत्तर एकच, "माह्यं वावर हाये." ज्या माणसाच्या नावानं ती जागा ओळखली जायची त्याला आता कोणी ओट्यावर बसून रामराम घालेना. पहाटे चालत फाट्याला जाताना बाकीच्या तीन मुली माझ्यापुढं वीस पावलं चालायच्या. त्यांचं चुकत नव्हतं. मीही कितीदा काट्यांपाशी जाऊन उभी राहिले, एक फांदी ओढून पाहिली, आणि बाबा बघतील म्हणून सोडून दिली. आज वाटतं, चार फांद्या ओढल्या असत्या तर काय झालं असतं? पण पंधरा वर्षांच्या मुलीला बापाची भीती वाटते ती मारण्याची नसते. तो आपल्याशी बोलणं सोडील याची असते.

घरात मी आणि बाबा. भाकर मला जमायची नाही, कडा फाटायच्या. बाबा तशीच खायचे, काही म्हणायचे नाहीत. दूध मी गरम करून द्यायची. रोज सकाळी फाट्यावर गाडीत चढले की वानखडेकाका आधी माझ्याकडे यायचे आणि मायचा निरोप सांगायचे. तिनं कामरगावच्या स्टँडवर त्या गाडीच्या कंडक्टरला सांगितलेलं, त्यानं कारंज्याला, कारंज्याच्यानं वाशिमला. "तुहे आबाजी तसेच हायेत. चमच्यानं पानी घेतात. तुही माय बरी हाये. तू डोक्याले तेल लावते का म्हने?" कधी तीन तोंडांतून येता येता निरोपाचं भलतंच व्हायचं. एकदा काका गंभीरपणे म्हणाले, "तुह्या मायनं सांगतलं, लोनच्यात हात घालून झोपू नको." मी दिवसभर विचार करत राहिले. मग कळलं, लोणच्यात ओला हात घालू नको, आणि झोपताना दाराला कडी लाव. मीही उलट निरोप द्यायची. भाकर जमते आता, असं खोटंच सांगायची.

हे मी बाबांना सांगत नसे. पण संध्याकाळी चुलीपुढं बसून, त्यांच्याकडे पाठ करून, गाईशी बोलावं तसं मोठ्यानं म्हणायची, "आबाजी चमच्यानं पानी घेतात म्हने." मागं बाबांचं चावणं थांबायचं. जरा वेळानं पुन्हा सुरू व्हायचं. त्यांनी एकदाही विचारलं नाही, पण मी ज्या दिवशी बोलले नाही त्या दिवशी ते जेवण झाल्यावरही ताटावर बसून राहिले होते.

असे नऊ दिवस गेले. नवव्या दिवशी शनिवार होता. शाळा सकाळची, मी दुपारीच घरी आले होते. दिवस बुडत आला आणि रस्त्यानं कोणी एकटं चालत येताना दिसलं. खाकी कपडे, गुडघ्यापर्यंत धूळ. वानखडेकाका. गाडी रिठदला लावून ते फाट्यापर्यंत कोणाच्या तरी सायकलवर आणि तिथून पायी आले होते. काट्यांच्या पलीकडे ते उभे राहिले, आत आले नाहीत. डोक्यावरची टोपी त्यांनी काढून हातात धरली.

"किसनभाऊ," ते म्हणाले. "कामरगावचे आबाजी गेले. काल दुपारी. मले आज चार वाजता समजलं. उद्या रविवार, पोरगी गाडीले येनार नाही. म्हनलं आपनच जावं."

बाबा ओट्यावरून उठून उभे राहिले होते.

"कालच उरकलं सगळं," काका म्हणाले. "तुमची वाट पाह्यली म्हनते थ्याइनं. कारंज्याहून निरोप कालच निघाला होता, पन वाशिमले मी भेटलो नाही; गाडी गावात येत असती तं कोनाच्या बी हाती रात्रीच पोचला असता." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. जे घडलं ते सांगत होते. मग टोपी घातली. "जातो मंग. गाडी रिठदले उभी हाये."

"थांबा," बाबा म्हणाले.

ते घराच्या मागं गेले आणि लांब दांड्याची आकडी घेऊन आले. वळणापाशी जाऊन त्यांनी पहिली फांदी आकडीत धरली आणि ओढली. काट्या एकमेकींत अडकल्या होत्या, नऊ दिवसांत वाळून कडक झाल्या होत्या. एक ओढली की चार फरफटत यायच्या. वानखडेकाकांनी खांद्यावरची चामड्याची पिशवी ओट्यावर ठेवली, बाह्या सारल्या आणि दुसऱ्या बाजूनं लागले. मीही गेले. नुसत्या हातानं धरू नको, असं बाबा मला म्हणाले नाहीत. हातातल्या कामाखेरीज त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं. तिघांच्याही हातांतून रक्त आलं. फक्त काट्या मातीवरून ओढल्याचा खरखर आवाज. शेजारची माणसं दारात आली, बघत राहिली, आणि थोड्या वेळानं रामभाऊ आणि त्याची बायको न बोलावता येऊन हात लावू लागले. जागा मोकळी झाली तेव्हा रात्र पडली होती. बाबांनी बैलगाडी जुंपली आणि वानखडेकाकांना फाट्यापर्यंत सोडून आले.

परत आल्यावर त्यांनी मला विचारलं, "सिंधे, कामरगावले किती गाड्या बदलाव्या लागतात?"

"तीन," मी म्हणाले.

रविवारी सकाळी आम्ही दोघं फाट्यावर गेलो. गाडी गावात येण्यासाठी जागा देणारा माझा बाप स्वतः त्या गाडीत क्वचितच बसलेला. बाजाराला बैलगाडी, नाहीतर सायकल. चढल्यावर कुठं बसावं हे त्यांना कळेना, तर मी हाताला धरून बसवलं. चाचांनी आरशातून पाहिलं आणि सलामासाठी नुसता कपाळाला हात लावला. बाबांनीही लावला. वाशिमच्या स्टँडवर वानखडेकाका आमच्याबरोबर उतरले, गर्दीतून वाट काढत कारंज्याच्या गाडीपर्यंत आले आणि तिथल्या कंडक्टरला म्हणाले, "आपलेच हायेत, कामरगावच्या गाडीत बसवून देजा." तरीही कारंज्याला आम्ही आधी चुकीच्या गाडीत चढलो. मी पाटी न वाचताच बाबांना ओढत नेलं होतं. पुन्हा उतरलो, पुन्हा विचारलं, गाडी सापडली, जागा मिळाली. बाबा बराच वेळ पुढच्या बाकाचा दांडा धरून होते.

"तुही माय एकटीच बदलली काय या गाड्या?"

"हो."

"तिले तं वाचता येत नाही."

"विचारत विचारत गेली असन," मी म्हणाले.

माझ्याकडे तोंड होतं ते त्यांनी खिडकीकडे फिरवलं आणि कामरगाव येईपर्यंत परत वळवलं नाही. त्या वयात मला वाटलं त्यांना झोप लागली.

मामाच्या ओट्यावर माणसं बसली होती. मामाचं डोकं भादरलेलं. इतक्या वर्षांत मी त्याला पाहिलंच नव्हतं, पण मायचं कपाळ त्याच्या कपाळावर होतं म्हणून ओळखला. बाबांनी चपला लांब काढल्या आणि अंगणात उभे राहिले. मामा म्हणाला, "या." बाबा जाऊन ओट्याच्या टोकाला बसले. कोणी तरी पाण्याचा लोटा आणून ठेवला, तो तसाच राहिला.

मामानंच सुरुवात केली. अडचणीतून वाट काढून द्यावी तसं म्हणाला, "गाडी बंद होती म्हनते तुमच्याकडं."

बाबांना नुसतं हो म्हणून सुटता आलं असतं. मामानं ती सोय करून दिली होती. मी त्यांच्या शेजारी उभी होते. त्यांच्या हातांवरचे ओरखडे काळे पडले होते आणि ते हात त्यांनी गुडघ्यांवर उताणे ठेवले होते.

"बंद नव्हती," बाबा म्हणाले. "म्या अडवली होती."

आतल्या दारात माय उभी होती. ती कधी आली ते मला कळलं नाही. तिनं ते ऐकलं. तिचं तोंड नऊ दिवसांत लहान झालं होतं. ती पुढे आली, शिळं पाणी तुळशीत ओतलं, लोटा आत नेऊन ताजा भरून आणला आणि बाबांच्या हातात दिला. बाबा पाणी प्यायले. बैलाचं नाव कोणी काढलं नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढंही नाही.

माय तेरावं करूनच परत आली. ती ज्या संध्याकाळी आली तेव्हा गाडी पुन्हा वळणावर फिरायला लागून चार-पाच दिवस झाले होते. चाचा-काका जेवायला येत होते आणि माझ्या भाकरी निमूट खात होते. ती उतरली, चुलीपुढं बसली, माझ्या परातीतलं पीठ पाहिलं आणि म्हणाली, "सरक."

गावाचा राग लवकर गेला नाही. काही जण बाबांशी शेवटपर्यंत पूर्वीसारखे बोलले नाहीत, आणि बाबांनीही त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. पुढं रस्ता डांबरी झाला, जिपा आल्या, मग घरोघरी मोटारसायकली. मुक्कामी गाडी कधी बंद झाली ते मला आठवत नाही. तेव्हा मी लग्न होऊन वाशिमला होते. यासीनचाचा आधी गेले. वानखडेकाका निवृत्त झाल्यावरही दोनदा माझ्या घरी आले, ठेचा मागितला आणि डोळे पुसत खाल्ला.

काट्या काढल्या त्याच वर्षी होळी झाल्यावर एका संध्याकाळी आम्ही जेवत होतो. माय वाढता वाढता म्हणाली, "सोमवारी कामरगावले चालली मी. चार दिवस राहीन." विचारलं नाही तिनं, सांगितलं. मी ताटात बघत राहिले. वानखडेकाकांनी भाकरीचा तुकडा वरणात बुडवला तो बुडवूनच ठेवला.

बाबांनी घास गिळला, पाणी प्यायलं. "वाशिमहून पुढं डाव्या अंगाले बसजो," ते म्हणाले. "उजवीकडून ऊन लागते सकाळचं."

"बरं," माय म्हणाली, आणि त्यांच्या ताटात वरण वाढलं.